मला भाग जात नाही

मी एक मूळ संख्या बोलतेय. एकाला दोनाने कोट्यवधी वेळा गुणत राहा, थकलात की एक वजा करा. उरते ती मी. मला पुरतं लिहून काढायचं तर घरातल्या भिंती पुरायच्या नाहीत. भाग मात्र मला दोघांचाच जातो: एकाचा आणि माझा स्वतःचा. याचा मला भारी तोरा आहे.

जन्मतारीख विचारू नका, मी पहिल्यापासून आहेच. माझ्यात एक मिळवा, निम्मे करा आणि त्याने मला गुणा. येईल ती परिपूर्ण संख्या. तिचे स्वतःखेरीजचे सगळे भाजक मिळवले की पुन्हा तीच येते. सहा आणि अठ्ठावीस त्याच घराण्यातल्या. थोडक्यात, माझं स्थळ ठरलेलं होतं. फक्त मी मूळ आहे हे कोणीतरी तपासायला हवं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टचे निवृत्त लिंडसे पायबस मला तपासायला बसले. एका मूळ संख्येपुढे आपलं नाव लागावं, एवढीच त्यांची हौस. त्यांचं मशिन आठवडेच्या आठवडे वर्ग करी, बाकी काढी. शेवटची बाकी शून्य आली की मी मूळ. मध्येच एक अंक चुकला तर सगळं मुसळ केरात.

एका शनिवारी लिंडसे फुटबॉलची मॅच बघून चिंब भिजून आले आणि लोकरी स्वेटर मशिनावर वाळत घातला. त्याखाली मशिन गुदमरलं आणि एक अंक चुकलं. मला 'संयुक्त' ठरवलं! माझ्या घराण्याला असा बट्टा कधी लागला नव्हता.

मूळ संख्या शोधणाऱ्या या मंडळींची रीत अशी, की नापास संख्याही दुसऱ्या कोणाच्या मशिनावर पुन्हा तपासायची. माझी पाळी आली थेल्माबाईंच्या लॅपटॉपवर. या लिंडसेंच्या बायको. विणकामाचे नमुने बघायच्या त्या लॅपटॉपात लिंडसेंनी त्यांना न विचारता, त्यांच्याच नावाने, तपासणी सुरू करून ठेवली होती.

"लिंडसे, माझं मशिन बोंबलतंय!"

लिंडसे धावत आले. बाकी शून्य! त्यांनी मला ओळखलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हिला मीच नापास केलं होतं. त्या स्वेटरपायी."

"मग तुझंच नाव दे की. मला काय करायचंय आकड्यांचं?"

"असं नाही चालत. मशिन ज्याच्या नावावर, संख्या त्याची." मलाही वाईट वाटलं.

तिसऱ्या मशिनावरही मी पास झाले. नोंद करणाऱ्याचा फोन आला, तो थेल्माबाईंनी घेतला. "लिहा. शोधली थेल्मा पायबस यांनी. लॅपटॉपात चोरून घुसवली त्यांच्या आगाऊ नवऱ्याने, लिंडसे पायबस याने. पूर्ण नाव लिहा हं, नाहीतर मी कळवलंच नाही असं समजा."

पलीकडचा माणूस हसत हसत हो म्हणाला. लिंडसे पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले आणि बराच वेळ नाक पुसत होते.

तेव्हा वाचकहो, मला भागायचा प्रयत्न खुशाल करा, जमणार नाही. पण माझ्या नोंदीतलं दुसरं नाव गंमत समजून कोणी खोडू नका.