घरचे नंबर

सोमवार, १६ डिसेंबर २०२४. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. चाचण्या २१४, उत्तीर्ण २१४.

हे आकडे अहवालात कोणी हाताने भरले नव्हते. तेजश्रीने पायथनमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट रोज ठरल्या वेळी आपोआप सुरू होई, आमच्या सॉफ्टवेअरची एकेक क्रिया माणसासारखी करून पाही आणि शेवटी निकालाचा तक्ता तयार करी. तो तक्ता वाचून खाली सही करणे हे माझे काम. बारामतीत भिगवण रस्त्यावर इंद्रजितची छोटी कंपनी आहे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून मी निवृत्त झालो, तेव्हा त्याने मला तपासणीच्या टेबलावर आणून बसवले. तिथे सगळे मला तात्या म्हणतात.

सॉफ्टवेअर एका सहकारी साखर कारखान्यासाठी केलेले होते. ऊस लागणीच्या तारखेनुसार सभासदांची तोडणीची पाळी लावायची आणि ज्याची पाळी आली त्याला आदल्या दिवशी सकाळी मोबाइलवर कळवायचे, एवढेच त्याचे काम. 'आपल्या उसाची तोड उद्या आहे. संमती असल्यास संध्याकाळी सहापूर्वी १ पाठवा.' उत्तर आले नाही, तर ऊसतोड कामगारांची टोळी पुढच्या सभासदाच्या रानात जाई आणि चुकलेला सभासद गटाच्या यादीत सर्वांत खाली जाई. इंदापूर तालुक्यातल्या लासुर्णे गटात ही पद्धत डिसेंबरच्या सुरुवातीपासून प्रत्यक्ष चालू होती. ती सर्व गटांना लावायची की नाही, हे कारखान्याची समिती आमचा अहवाल पाहून गुरुवारी ठरवणार होती. अहवाल सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता.

अकराच्या सुमारास विकीचा फोन वाजला. विकी आमच्याकडे प्रोग्रॅमर आहे. तो पोहे खात होता, म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवूनच स्पीकर लावला.

"विक्या, आमची तोड गेली की रं!" त्याच्या चुलतीचा, रंगुबाईंचा आवाज सगळ्या खोलीने ऐकला.

"कुठं गेली?"

"शेजारच्या रानात. टोळी आली, बांधावर उभी ऱ्हायली, अन् कारखान्याचा चिटबॉय म्हणतोय तुमचं उत्तर न्हाय, तुमची पाळी गेली. आरं, उसाला तुरं आल्यात. आता दीड म्हयना उभा ठिऊन काय वाळवान घालू?"

"पण काकी, मेसेज आला असेल ना? नानांनी एक का नाही दाबला?"

पलीकडे फोन हातातून हातात गेला. नाना म्हणजे विकीचे चुलते. त्यांचा आवाज शांत होता, आणि विकीला तोच जास्त लागला असावा.

"मेसेज व्हय? मेसेज तर दिवाळीपासनं रोज येतोय. तूच म्हणालास नव्हं, नाना, आमचा हापिसातला खेळ चाललाय, तुमी लक्ष देऊ नगा. न्हाय दिलं."

"काल तर दोन आलं," रंगुबाई मागून म्हणाल्या. "म्हटलं, पोराला आज लईच खेळायचं दिसतंय."

विकीने चमचा खाली ठेवला. तेजश्रीने माझ्याकडे पाहिले आणि चाचणीच्या सभासदांची फाइल उघडली.

त्या फाइलचा खुलासा इथे करायला हवा. मेसेज खरोखर पोचतो की नाही हे पाहण्यासाठी स्क्रिप्टला काही खरे मोबाइल नंबर लागत होते. परक्या माणसाला रोज सकाळी विनाकारण त्रास कशाला, अशा भल्या विचाराने तिघांनी आपापल्या घरचे दोन-दोन नंबर दिले होते. विकीने लासुर्ण्याच्या नानांचा आणि कन्हेरीच्या मामांचा, तेजश्रीने सांगवीच्या आईचा आणि भावजींचा, इंद्रजितने काटेवाडीच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, आणि थोरल्या भावाचा. घरच्यांना सांगून ठेवले होते की मेसेज आला तर सोडून द्या. पुढचे उत्तर स्क्रिप्ट स्वतःच सभासदाच्या नावाने देई, त्यामुळे त्यांनी काही न दाबताही चाचणी उत्तीर्ण होई. सॉफ्टवेअरची चाचणीची प्रत वेगळी होती आणि लासुर्ण्यात चालणारी प्रत वेगळी. मेसेज मात्र दोन्हींकडून एकाच नावाने आणि त्याच शब्दांत जात. रविवारी सकाळी नानांना आलेल्या दोन मेसेजपैकी एक आमचा होता आणि एक कारखान्याचा. दोन्ही तंतोतंत सारखे.

"गट ऑफिसात गेलो व्हतो मी," नाना सांगत होते. "सायेब म्हणाला, चूक तुमची असंल तर यादीत खाली जावा. संगणकाची असंल तर कंपनीचं लिहून आणा, आज सांजपतुर. मग बगू म्हणाला. मी काय तुला अडचणीत घालत न्हाय, विकी. जमलं तर बग."

फोन बंद झाला तेव्हा इंद्रजित दारात उभा होता. त्याने बरेचसे ऐकले होते.

"नानांसाठी मी स्वतः गट ऑफिसला फोन करतो," तो म्हणाला. "विनंती करतो. पण अहवाल तसाच जाईल, तात्या. दोनशे चौदापैकी दोनशे चौदा. सॉफ्टवेअरने मेसेज पाठवला, तो वेळेत पोचला. त्यांनी वाचला नाही, त्याला आपण काय करणार?"

"वाचला," मी म्हणालो. "वाचून सोडून द्यायचा, हे आपणच त्यांना रोज शिकवलं."

"ती विकीची चूक. सॉफ्टवेअरची नाही."

"गट अधिकाऱ्यांनी विनंती मागितलेली नाही, लेखी मागितलंय. एकीकडे सगळं उत्तीर्ण म्हणून सही करायची आणि दुसरीकडे संगणकाची चूक म्हणून पत्र द्यायचं, हे दोन कागद एकाच दिवशी एकाच कारखान्यात जाणार. मी त्यांतल्या एकावरच सही करू शकतो."

"आणि गुरुवारी समितीने नको म्हटलं तर? वर्षभराचं काम आहे हे."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कंपनीत सात माणसे होती आणि सातही जणांनी हा कारखाना मिळावा म्हणून रविवारसुद्धा घातले होते.

"सर," तेजश्री म्हणाली, "आधी एक चाचणी लिहू द्या. मग भांडा."

"आम्ही भांडत नाही आहोत," इंद्रजित म्हणाला.

"बरं. मग चर्चा करा, पण हळू. मला मोजायचंय."

तिने लिहिलेली चाचणी लहानच होती. चाचणीच्या फाइलमधला प्रत्येक मोबाइल नंबर घ्यायचा आणि कारखान्याच्या पूर्ण सभासद यादीत शोधायचा. सापडला तर अनुत्तीर्ण. सहा नंबर होते, म्हणून सहा चाचण्या. तिने स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर हिरव्या ओळी नेहमीप्रमाणे सरकत गेल्या आणि तळाशी लाल ओळी येऊन थांबल्या. सहाच्या सहा नंबर सभासदांचे होते. घरी ऊस असलेल्या माणसांनी घरचे नंबर दिल्यावर दुसरे काय निघणार होते?

"आज फक्त लासुर्णे गट चालू आहे म्हणून एकट्या नानांची पाळी गेली," तेजश्री म्हणाली. "गुरुवारी सगळे गट चालू झाले की माझ्या आईची जाईल. आबांचीसुद्धा."

"आमच्या आबांची?" इंद्रजित हसला. "अगं, ते मला फसू देत नाहीत, स्वतः काय फसतील! फोन आला की चष्मा लावून तारीखसुद्धा वाचतात. थांब."

त्याने तिथूनच काटेवाडीला फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावे म्हणून स्पीकर चालू केला.

"आबा, आज सकाळी तोडीचा मेसेज आला का?"

"आला की. रोजच येतो."

"मग काय केलं त्याचं?"

"काय करायचं? पुसून टाकला. तूच म्हणालास, कंपनीचा हाय, बगू नका. थोरल्याला पण सांगून ठिवलंय. का रं, आजचा बगायचा व्हता?"

इंद्रजितने स्पीकर बंद केला.

"न्हाय आबा," एरवी ऑफिसात कधी न बोलणाऱ्या बोलीत तो म्हणाला, "आजचा पण आमचाच व्हता. आता येणार न्हाईत. आता जो येईल तो कारखान्याचा. नीट वाचा आणि एक दाबा." मग थोडे थांबून, "व्हय, जेवलो," म्हणून त्याने फोन ठेवला.

खुर्ची ओढून तो तेजश्रीच्या शेजारी बसला. "नवीन तक्ता काढ," तो म्हणाला. "तात्या, शेरा तुम्ही लिहा. पण सरळ लिहा, आम्ही गाढव आहोत असं नको."

"तो शब्द तांत्रिक नाही," मी म्हणालो.

शेरा मी चार वाक्यांत लिहिला. चाचणीसाठी प्रत्यक्ष सभासदांचे नंबर वापरले गेले. चाचणीचा आणि खरा मेसेज ओळखता येईल असा कोणताही फरक ठेवलेला नव्हता. त्यामुळे लासुर्णे गटातील एका सभासदाने खरा मेसेज चाचणीचा समजून सोडून दिला. ही चूक संगणक प्रणालीच्या चाचणी व्यवस्थेची आहे, सभासदाची नाही. तक्त्यात स्क्रिप्टने आकडे भरले : एकूण २२०, उत्तीर्ण २१४, अनुत्तीर्ण ६. मी सही केली, माझ्या सहीखाली इंद्रजितने केली.

साडेतीन वाजता विकी अहवालाची छापील प्रत घेऊन मोटारसायकलवर लासुर्ण्याला निघाला. दुसरी प्रत तेजश्रीने कारखान्याला ईमेलने पाठवली. मग तिने ते सहाही नंबर फाइलमधून काढले, ऑफिसातल्या एका जुन्या मोबाइलचा नंबर घातला आणि चाचणीच्या प्रत्येक मेसेजच्या आधी 'चाचणी' हा शब्द येईल अशी सोय केली.

सव्वापाचला विकीचा फोन आला. गट अधिकाऱ्यांनी शेरा दोनदा वाचला होता. 'कंपनी स्वतःहून असं लिहून देते, हे पहिल्यांदाच बघतोय,' असे काहीसे म्हणून त्यांनी नानांचे नाव यादीत पुन्हा वर घेतले होते.

"अन् रंगुकाकी काय म्हणाल्या?" तेजश्रीने विचारले.

"म्हणाल्या, 'आता परत खेळायचं असलं तर तुझ्या सासऱ्याचा नंबर घाल.' अन् माझं तर अजून लग्नसुद्धा ठरलेलं नाही."

गुरुवारी समितीने अहवालावर अर्धा तास चर्चा केली. सर्व गटांची मंजुरी पुढच्या हंगामापर्यंत थांबवली, लासुर्णे गट चालू ठेवला आणि सभासद यादीशी पडताळणीची चाचणी रोज चालवावी अशी अट घातली. इंद्रजितने अट वाचून दाखवली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

नानांना शुक्रवारी सकाळी मेसेज आला. त्यांनी एक पाठवला, आणि खात्री म्हणून विकीलाही फोन केला. शनिवारी टोळी त्यांच्या रानात उतरली. नानांच्या दीड एकरात ७१ टन ऊस भरला.