अँटेनाखालचं तांबं

कंपनीत तिला सगळे बोर्डवाली म्हणत. आजारी माणसाने मनगटाला बांधायचं, दाबलं की दुसऱ्या खोलीत घंटी वाजायची, असं एक बटण ती कंपनी बनवायची. त्यातल्या बोटभर सर्किट बोर्डाची आखणी कॉम्प्युटरवर करणं हे तिचं काम. त्या बोर्डावर अँटेना हाताने, कथिलाचा डाग देऊन बसवायच्या त्या काकू. बावीस वर्षं त्यांचं हेच काम. "तू रेघोट्या ओढ, चटके मी खाते," असं त्या तिला हसत म्हणायच्या.

आखणीत बोर्डाच्या मोकळ्या जागेत तांब्याचा थर भरावा लागतो. फक्त अँटेनाच्या खाली तो चालत नाही, कारण तांबं सिग्नल गिळून टाकतं. म्हणून तिथे एक चौकोन आखून थरात खिडकी ठेवतात. बोर्डवालीने ती ठेवलीही होती. पण फाइल पाठवायच्या दिवशी साहेबांनी बोर्ड थोडा आखूड करायला सांगितला. तिने घाईघाईत अँटेना उचलून बाजूला सरकवली, थर पुन्हा भरून घेतला, कॉम्प्युटरवरची तपासणी चालवली. एकही चूक निघाली नाही. फाइल गेली.

बोर्ड बनून आले, काकूंनी अँटेना बसवल्या, आणि बटणं भिंतीपलीकडे पोचेनात. साहेबांनी दोन-चार बोर्ड उलटेसुलटे करून पाहिले. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नीट दिसत नसेल, हात थरथरत असेल, वयच झालं आता, असं ते सगळ्यांसमोर बोलून गेले. अँटेनाचं काम त्यांनी काकूंकडून काढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पॅकिंगला बसल्या.

त्याच दुपारी बोर्डवालीने फाइल उघडली. अँटेना सरकली होती, खिडकी मात्र जुन्याच जागी होती. अँटेनाखाली सगळं तांबं भरलेलं, आणि ते काही तपासणीत धरलं जात नाही. उठून सांगावं असं मनात आलं, पण ती उठली नाही. तिने चौकोन ओढून अँटेनाखाली आणला, थर पुन्हा भरला आणि बदलांच्या रकान्यात 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं.

नवे बोर्ड आले. अँटेना बसवायला आता दुसरी बाई होती. बटणं दोन भिंती ओलांडून वाजू लागली. साहेब म्हणाले, "बघा, हात बदलला आणि काम झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. बोर्डवालीनेही.

त्यानंतर तिला अन्न गोड लागेना. पॅकिंगच्या टेबलावरून जायचं टाळायला ती जिन्याने वळसा घालून जाऊ लागली. नवऱ्याने दोनदा विचारलं, तिने डोकं दुखतंय म्हणून वेळ मारून नेली. धाकटीने फुटलेल्या कपाचं खापर मोठीवर फोडलं तेव्हा तिने धाकटीला धरून रागे भरायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटून ती कपाचे तुकडे वेचू लागली.

दोन महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, ती काकूंसमोर जाऊन बसली. काकू खोक्यांवर पट्ट्या चिकटवत होत्या. तिने खाली बघतच सगळं सांगितलं.

काकूंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझा हात ठीक होता?"

"होता, काकू. चूक माझी होती."

"आणि तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही इथे बसलात त्या दिवसापासून."

काकूंनी पट्टी दाताने तोडली. "मला काय सांगतेस? ज्यांच्यासमोर माझा हात वाईट ठरला, त्यांना सांग."

ती तशीच उठली आणि साहेबांकडे गेली. ते खोलीत बोलू म्हणाले तर तिने इथेच बोलते म्हणून सांगितलं. सगळे हातातलं काम थांबवून ऐकत होते. तिने जुनी फाइल पडद्यावर उघडली, अँटेना दाखवली, खिडकी दाखवली, रकान्यातली ओळही दाखवली. साहेबांचा चेहरा पडला. ते स्वतः पॅकिंगला गेले आणि काकूंची माफी मागून आले. बोर्डवालीला त्यांनी लेखी समज दिली. नोकरी राहिली. ती गेली असती तर बरं, असं तिला त्या आठवड्यात पुष्कळदा वाटलं.

काकू आपल्या जागेवर परत आल्या. तिच्याशी बोलणं त्यांनी तोडलं नाही, पण रेघोट्यांची थट्टा पुन्हा कधी केली नाही. आणि एक नवीनच सुरू झालं. पूर्वी डाग दिला की बोर्ड बाजूला सारून त्या पुढचा घ्यायच्या. आता प्रत्येक बोर्ड भिंगाखाली धरायच्या, फिरवून बघायच्या, पुन्हा धरायच्या.

एकदा बोर्डवाली जवळून जाताना त्यांनी तिला थांबवलं. "बघ गं, नीट बसलीय ना?"

"अगदी नीट आहे, काकू."

काकूंनी मान हलवली, आणि तोच बोर्ड परत भिंगाखाली धरला.