शिळ्या पाण्यातला पंप

टेबलाखालून ही जी बारीक खरखर ऐकू येतेय ना, ती माझी. झाकण उघडू नका, तसंच ऐका. पाण्यात बुडवून ठेवलेला मुठीएवढा पंप आहे मी. खालचं पाणी वर ढकलायचं, एवढंच मला येतं. पण ते मी इतके दिवस न थांबता केलंय, की आता बोलायलाही दम लागतो. तरी थोडं बोलतो.

माझा जन्म उल्हासनगरचा. कॅम्पातल्या एका गल्लीत पत्र्याची शेड होती. तिथे बायका ओळीने बसून तांब्याची तार गुंडाळायच्या. एकीने माझ्या पोटात तार भरली, दुसरीने लोहचुंबक बसवलं, तिसरीने पाणी ढकलणारं छोटं चक्र. मग पाणी आत जाऊ नये म्हणून तारेवर काळं, घट्ट रसायन ओतलं. शेवटी सगळ्यांना टबात टाकून चालवून बघितलं. पाणी उडवेल तो खोक्यात, नाही उडवणार तो कोपऱ्यातल्या ढिगात. मी उडवलं. वाटलं, सुटलो, परीक्षा संपली.

आम्ही सगळे कूलरसाठी बनवलेले. कूलरच्या पंपाचं आयुष्य तसं बरं असतं. होळीनंतर बाहेर निघायचं, पावसाळा लागला की माळ्यावर जायचं. उरलेलं वर्ष झोप. मुकेशशेठच्या दुकानात फळीवर पडल्या पडल्या मी त्याच झोपेचे बेत करत होतो.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात एक मुलगी दुकानात आली. बरोबर तिचा मोठा भाऊ. तिचं नाव संध्या, त्याचं सुदाम. अंबरनाथजवळच्या पालेगावात राहणारी माणसं. मुलगी काउंटरपाशी उभी राहिली आणि पदराशी खेळावं तशी ओढणीशी खेळत राहिली.

"बोल बेटा, कूलर कितने फुट का?" मुकेशशेठने विचारलं.

"कूलर नाहीये."

"जोर से बोल, इधर पंप चालू है."

"कॉम्प्युटरला पाहिजे," ती म्हणाली.

शेठने हातातला चहा खाली ठेवला. "कॉम्प्युटरला पानी? अरे साईं, मेरे को जेल भेजेगी क्या?"

मग सुदामने समजावलं. तो एमआयडीसीत प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर होता. तिथे तापलेल्या साच्यातून पाणी फिरवतात, म्हणजे साचा थंड राहतो. तसंच घरच्या कॉम्प्युटरचं करायचं होतं. त्याने भंगारातल्या तांब्याचा पोकळ ठोकळा करून आणला होता. तो कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावर बसणार. गवंडी लेव्हल बघायला वापरतात त्या नळीतून पाणी ठोकळ्यात जाणार, तिथून जुन्या गाडीच्या हीटरच्या जाळीत. जाळीवर पंखा. तिथे गार होऊन पाणी परत खाली.

"आणि पाणी फिरवायला पंप," सुदाम म्हणाला.

शेठने तीन पंप काढले. पहिला मोठा, हॉलमधल्या कूलरचा. दुसरा माशांच्या पेटीचा, लहानखुरा, दिसायला देखणा. तिसरा मी. बादलीत पाणी भरून आम्हाला एकेक करून सोडलं. मोठ्या पंपाने पाणी थेट छताला लावलं.

"क्या प्रेशर है! ले जा."

"आवाज किती करतोय," संध्या म्हणाली. "मला गाणी ऐकून काम करायचं असतं."

माशांचा पंप काहीच आवाज करत नव्हता. पण नळी टेबलाच्या उंचीला धरली, की पाण्याची धार सुतासारखी व्हायची. राहिलो मी. संध्याने वाकून बादलीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. माझं ऐकण्यासाठी कोणी वाकलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"हा न थांबता चालेल ना? दिवसभर?"

शेठ हसला. "आजतक कोणी विचारलं नाही. कूलरवाले लोग तर झोपून जातात."

मी ओरडून सांगणार होतो, की नाही चालणार. पण पंपाचं कोण ऐकतं?

घरी आल्यावर कळलं प्रकरण काय आहे. संध्या लग्नांच्या कॅसेटचं मिक्सिंग करायची. बदलापूरचा राजू स्टुडिओवाला शूटिंग करून टेपा आणून द्यायचा. ती त्या कॉम्प्युटरवर कापायची, जोडायची, गाणी घालायची, नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलातून उमलवायची. बौद्ध लग्नातली वंदना असो की मंगलाष्टकं, ती सगळं सारखंच मन लावून जोडायची. सगळं जुळवून झालं की शेवटी कॉम्प्युटर एकटाच काही तास राबून अख्खी फिल्म तयार करायचा. नेमका तेव्हाच तो तापायचा. घराला पत्रे. दुपारी बारानंतर आत भट्टी. कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा आणि सगळं पहिल्यापासून. दोन लग्नांच्या फिल्म उशिरा गेल्या होत्या. राजूने सांगून ठेवलं होतं, तिसऱ्यांदा झालं तर काम दुकानातच करणार.

सुदामने तिच्यासाठी पॅकिंगच्या कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. ती एवढंच म्हणाली होती, "दादा, मला हेच करायचंय." चार माणसांत मान वर न करणारी ती मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली की मात्र राणीसारखी ताठ बसायची.

आता पाणी कशात ठेवायचं? आधी लोणच्याची बरणी घेतली. बाहेरून सगळं दिसायचं, मला बरं वाटायचं. पण खिडकीतल्या उजेडाने पाणी हिरवं झालं. शेवाळाने माझं तोंड चोंदलं. बरणी गेली. तेलाचा कॅन आणला, तर कितीही धुतला तरी पाण्यावर तवंग. शेवटी सुदामने फळीवरचा स्टीलचा डबा काढला.

"यात उजेड जाणार नाही. आणि स्टील अंगानेच थंड राहतं."

"आईने विचारलं तर?"

"आई गावाला गेलीये. येईपर्यंत तुझं नाव झालं असेल."

झाकणाला भोकं पाडली. दोन नळ्या आणि माझी वायर झाकणातून वर गेली, मी झाकणाला खाली टांगलेला. बाहेरून बघाल तर घरातला पाण्याचा डबाच. निवड चांगली होती. सगळा घोळ त्या निवडीतच होता, पण तेव्हा कुणाला दिसला?

कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला. संध्या खूश. मी मात्र अंधारात, कोमट पाण्यात, फिरतोय, फिरतोय. एक लग्न संपलं की दुसरं. लोक किती लग्नं करतात हो! आणि प्रत्येकाला वाटतं, असं लग्न कुणाचं झालंच नाही.

आई गावी म्हणून जांभूळ गावाहून आत्या राहायला आल्या. वेणूबाई. हाताला स्वस्थता नाही. आल्या त्या दिवशी फळी घासली, दुसऱ्या दिवशी मोरी. तिसरा दिवस पाण्याचा होता. पालेगावात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. पाणी यायच्या आधी बायका घरातलं उरलेलं पाणी ओतून टाकायच्या, भांडी घासून पालथी घालायच्या. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. ताजं आलं की तेच भरायचं. लहानपणापासून हाताला लागलेली सवय, कुणी शिकवलेली नसते.

त्या दिवशी सकाळची लाईट जाऊन आल्यावर संध्याने एका लग्नाची फिल्म कॉम्प्युटरला लावली. मुलीकडची माणसं कोकणातली. नवरीचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, लग्नाला येऊ शकले नव्हते. त्यांना दाखवायला माणसं संध्याकाळच्या गाडीने फिल्म घेऊन जाणार होती. राजू सहाला न्यायला येणार होता. कॉम्प्युटर राबायला लागला, मीही लागलो. फिल्म अर्ध्याच्या पुढे गेली आणि बाहेर गलका झाला, पाणी आलं! संध्या हंडे घेऊन पळाली. नळ दारासमोरच, पण रांग मोठी.

आत आत्या एकेक भांडं रिकामं करत होत्या. शेवटी टेबलाखाली वाकल्या आणि झाकण उचललं. मीही झाकणासकट वर आलो.

"आगं बाई! ह्ये पानी कवाचं? कोमट झालंय, वास मारतंय. कूलर हाय म्हनायचा, पन पानी नको का बदलायला?"

माझ्यासकट झाकण त्यांनी परातीत टेकवलं. डबा मोरीत ओतला. घसाघसा घासला. आणि भरायला घेऊन निघाल्या.

मी कोरडा पडलो. पाण्यातल्याला कोरडं काय असतं हे शब्दांत सांगता येत नाही. चक्र फिरतंय, पण हाताला काही लागत नाही. चक्राची आतली कांडी तापली, घासायला लागली. वर नळीतलं पाणी थांबलं. तांब्याचा ठोकळा चटका बसेल असा झाला. मग कॉम्प्युटरने स्वतःला वाचवण्यासाठी डोळे मिटले. सगळं शांत. मीच तेवढा कोरडा किरकिरत होतो.

दारातून आवाज आले.

"संध्ये, ह्यो बी भर गं, लख्ख घासलाय."

"आत्या... हा डबा... हा कुठून आणलात?"

हंडा पडल्याचा आवाज आला. ती धावत आत आली. काळा पडदा बघितला, मला बघितलं, पहिल्यांदा माझी पिन काढली. मग खाली बसली.  

आत्या दारात उभ्या. "काय झालं? शिळंच पानी व्हतं की गं."

"माझं काम गेलं, आत्या."

ती उठली, डबा ताज्या पाण्याने भरून आणला, मला आत सोडलं आणि पिन लावली. मी खरखरलो. हा आवाज त्याआधी माझा नव्हता. कांडी झिजली होती. पण पाणी वर गेलं. तिने फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली आणि शेजारच्या फोनवरून राजूला सगळं खरं सांगितलं.

राजू संध्याकाळची वाट न बघता लगेच आला. स्कूटर दारात आदळून लावली.

"संध्या, तुला मी काय बोललो होतो? टेपा दे. ते लोक माझ्या डोक्यावर बसलेत."

संध्या मान खाली घालून उभी. आत्याच पुढे झाल्या.

"पोरीला काय बोलायचं न्हाय. पानी मी ओतलं."

"कसलं पाणी?"

"कॉम्प्युटरचं."

राजूने आत्यांकडे बघितलं, मग संध्याकडे. "मस्करी करताय का माझी?"

संध्याने झाकण उघडून दाखवलं. तो गुडघ्यावर बसला, नळ्या बघितल्या, टेबलावरची जाळी बघितली. "च्यायला. येडी आहेस तू," एवढंच म्हणाला.

तेव्हा संध्या बोलली. मान वर करून, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. "टेपा न्यायच्या तर न्या. पण तुमच्या दुकानातला कॉम्प्युटर तापतो म्हणून दुपारी तुम्ही बंदच ठेवता. आत्ता टेपा इथे सोडून गेलात तर सहाला फिल्म इथेच मिळेल. कुठेच नाही, फक्त इथे."

राजूने घाम पुसला. "आणि हा पंप? घरघर करतोय तो?"

"तो चालेल."

मला कुणी विचारलं नाही. पण ती म्हणाली, चालेल.

"सहा," राजू म्हणाला. "नाहीतर टेपा आणि काम, दोन्ही नेतो."

ती दुपार मी विसरणार नाही. पत्रे कडकडत होते. डब्यातलं पाणी तापत चाललं. दर फेरीला कांडी घासायची आणि वाटायचं, ही शेवटची. संध्या पडद्यासमोर बसलेली, नखं खात. आत्या थोडा वेळ घुटमळल्या. मग त्यांनी जुनं लुगडं फाडलं, ओलं केलं आणि माठाला गुंडाळतात तसं डब्याभोवती गुंडाळलं. दारातून वारा येत होता. सुकलं की परत भिजवायच्या, परत गुंडाळायच्या. पाणी निवायला लागलं. मला जरा बळ आलं.

"आत्या, बसा आता थोडं," संध्या म्हणाली.

"ह्यो फिरतोय तवर मी कशी बसू?"

राजू आला तेव्हा डिस्क तयार होती. त्याने ती उलटसुलट बघितली, पिशवीत टाकली. जाता जाता दोन टेपा टेबलावर ठेवल्या. "ही हळद आहे, अंबरनाथची. आणि हे बारसं. आत्यांना सांग, पाण्याला हात लावू नका." आत्या हसल्या. संध्या हसली नाही, तिने टेपा छातीशी धरल्या.

तिचं काम टिकलं. आणि काम टिकलं म्हणून माझं थांबलं नाही.

लग्नसराई संपली, बारशी आली. बारशी झाली, तर निवृत्तीचे सत्कार, शाळांची संमेलनं. माझे भाऊबंद केव्हाच माळ्यांवर झोपले. सुदाम महिन्याकाठी कान देऊन म्हणतो, "हा गेला गं, बदलायला पाहिजे." ती म्हणते, "येत्या रविवारी." रविवारी राजू टेप घेऊन येतो.

तेव्हा संध्या, तुला सांगायचं ते एवढंच. मुकेशशेठकडे जाशील तेव्हा एक पंप आणू नकोस, दोन आण. आलटून पालटून लाव. एक फिरेल तेव्हा दुसऱ्याला कोरड्या फडक्यावर निजू दे. मला ठेव किंवा भंगारात दे, माझी तक्रार नाही. फक्त आधी पिन काढ आणि चक्र आपसूक थांबेपर्यंत जवळ बस. मी कधी हळूहळू थांबलेलो नाही. ते कसं असतं, मला बघायचंय.

आज नको पण. वर कुणाची तरी हळद चालली आहे, नवरीच्या गालाला अजून पहिलं बोट लागायचंय. फिरतो.