मठातून तक्रार नाही

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मिस्त्रींनी तक्रारवही उघडली. मुलींच्या जुन्या वसतिगृहाच्या पानावर आठवडाभरात एकही नोंद नव्हती.

दुसरा कुणी सुतार खूश झाला असता. मिस्त्रींनी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवून तपासलं.

महाविद्यालयात मुलींची वसतिगृहं दोन. नव्याला सगळे ‘बाजार’ म्हणत. खोलीत चौघी, जिन्यात गप्पांचे फड, आठवड्याला एक पलंग मोडणार म्हणजे मोडणार. जुनं ते ‘मठ’. तिथे प्रत्येकीला स्वतंत्र खोली, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि निकालात पहिल्या दहांतल्या सात-आठ जणी तिथल्याच. बावीस वर्षं दोन्हीकडची दारं-खिडक्या मिस्त्रीच सांभाळत होते.

या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीला इथेच प्रवेश मिळाला होता, आणि पहिल्या वर्षी वसतिगृहात राहणं सक्तीचं होतं. फॉर्मची मुदत पाचला संपत होती. साडेचार झाले तरी पोरगी फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली.

“बाजार भर,” थोरली म्हणाली. “चौघी असल्या की रडायला खांदा तरी मिळतो.”

“आणि नापास व्हायला सोबत,” धाकटी फटकन बोलली.

थोरली तीन वर्षांपूर्वी बाजारात राहिली होती, पहिल्याच वर्षी नापास झाली होती आणि आता औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहत होती. आधी तीच हसली. “ते काय एकटीचं काम होतं का गं? चौघींनी जीव तोडून केलं.”

“इकडे आड, तिकडे विहीर,” आई म्हणाली. “तुम्ही बोला की काहीतरी! दोन्हीकडची दारं तुमच्याच हातची.”

धाकटीनं मान वर केली. “बाबा, मठातून तक्रारी किती येतात?”

“जवळजवळ नाहीतच.”

“मग झालं तर!”

तक्रार का येत नाही, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. मागच्या वर्षी मठातलं एक दार फोडायला त्यांनाच बोलावलं होतं. पहिल्या वर्षाची मुलगी तीन दिवस तापानं फणफणून आत पडलेली. ओठ फुटलेले, डोळे उघडे, पण शब्द फुटत नव्हता. शेजारच्या खोलीतली बाहेर आली, पानात बोट घालून पुस्तक तसंच धरलेलं, आणि म्हणाली, “मला वाटलं, अभ्यास करतेय.” रेक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, “मिस्त्री, हे चार भिंतींच्या आत राहू दे.” मुलीला तिच्या घरचे घेऊन गेले. ती परत आली नाही, एवढंच मिस्त्रींना माहीत होतं.

हे सांगितलं तर धाकटी बाजारात जाणार, आणि उद्या तीही काउंटरवर. ते बोलले नाहीत. पाचला दहा कमी असताना तिनं मठ भरला.

सामान ठेवायच्या दिवशी त्यांनी तिला बाजूला घेतलं. वहीत तक्रार असल्याशिवाय पुरुष माणसाला वर जाता येत नसे.

“दर शनिवारी एक तक्रार लिहायची. काहीही.”

“खोटी?”

“खिळा सैल झालाय म्हण. खिळे सैल होतातच.”

“म्हणजे माझी हजेरी घेणार!”

“घेणार.”

पाच शनिवार तिनं इमानानं लिहिलं: खुंटी, खण, खिडकीची खिटी. सोमवारी मिस्त्री वर जायचे, घट्ट असलेले स्क्रू पुन्हा घट्ट करायचे आणि तिचा चेहरा बघून यायचे. “मैत्रिणी झाल्या का?” या प्रश्नाला दर वेळी एकच उत्तर: “वेळ कुठंय, बाबा.” पाचव्या सोमवारी तर ती पुस्तकातून डोळे न काढताच बोलली होती.

परवाचा शनिवार सहावा. पान कोरं. फोन शनिवार दुपारपासून बंद. अभ्यासाला बसली की ती फोन बंद ठेवते, बुधवारी तिची चाचणी आहे, असं मिस्त्रींनी काल दिवसभर बायकोला समजावलं होतं. आता स्वतःला समजावणं जमेना.

वही घेऊन ते मठाच्या कचेरीत गेले. रेक्टर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “नोंद नाही तर वर कसं सोडू? नियम तुम्हाला सांगायचा?”

“माझी मुलगी आहे, मॅडम.”

“वर सगळ्या कुणाच्या तरी मुलीच आहेत.”

“काल जेवायला आली होती का, तेवढं तरी विचारा.”

मॅडमनी खानावळीत फोन लावला. “तीनशे सात... काल?... आणि परवा रात्री?” फोन खाली ठेवताना त्यांचा हात रिसीव्हरवर तसाच राहिला. मग त्यांनी वही मिस्त्रींकडे सरकवली.

“लिहा.”

बावीस वर्षांत मिस्त्रींनी वहीत स्वतःच्या हातानं तक्रार लिहिली नव्हती. ‘खोली ३०७. दार तपासणे.’ अक्षर ओळीबाहेर गेलं.

“वेळ घाला,” मॅडम म्हणाल्या आणि किल्ल्या शोधायला उठल्या.

त्यांनी घातली: नऊ बेचाळीस.

तिसऱ्या मजल्यावर दोन्ही बाजूंची सगळी दारं बंद होती. तीनशे सातच्या दाराखालून दिव्याचा उजेड येत होता. मॅडमनी किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, दार हललं नाही. आतून कडी होती.

“बाळा, मी आहे. बाबा.”

त्यांनी बोटांनी वाजवलं, मग मुठीनं. मॅडमनी दोनदा हाक मारली. मिस्त्रींनी पिशवीतून पटाशी काढली. मूठ शर्टाला पुसून त्यांनी पातं फटीत घातलं, तोच खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला.

“थांबा!” मॅडम म्हणाल्या.

दोघांनी दाराला कान लावले. आवाज या खोलीतला की शेजारच्या, दोघांनाही सांगता येईना.

नऊ वाजून एकोणपन्नास मिनिटांपर्यंत आतून कुणी ओ दिली नव्हती. मिस्त्रींनी पटाशीवर जोर दिला.