दाराबाहेरचे बूट

आपले बूट चोरीला गेले असं धाकटीला वाटलं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात पायजमा आणि भावाचा विटलेला टी-शर्ट, अशा अवतारात तिने दार किलकिलं केलं आणि बाहेर नजर टाकली. पायपुसण्याशेजारी रोज असणारे तपकिरी बूट तिथे नव्हते. थंडीचे तेवढेच एक बूट तिच्यापाशी होते. ते कोणी जिन्यावर तर ढकलले नाहीत ना, हे बघायला ती अनवाणीच चार पावलं पुढे गेली. मागे दार हलकेच लोटलं गेलं आणि खट्‌ करून बंद झालं.

या देशातली दारं अशीच. बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही, नुसता एक गुळगुळीत गोळा. एकदा दार लागलं की लागलं. धाकटी वाढली त्या घराचं दार सकाळी दूधवाल्याला उघडायचं ते रात्रीच जेवणं झाल्यावर लागायचं, आणि किल्ली नावाची वस्तू फक्त कपाटाला असायची. इथे किल्ली गळ्यात बांधून फिरायचं असतं हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि अंगवळणी पडणं यांत फरक आहे. किल्ली आत टेबलावर होती. फोन, पासपोर्ट आणि कागदांची फाईलही तिथेच.

आणि अकरा वाजता तिला परवान्याच्या कचेरीत हजर व्हायचं होतं.

ही तारीख मिळायला नऊ आठवडे लागले होते. तात्पुरता परवाना येत्या शुक्रवारी संपत होता. पत्रात ठळक छापलं होतं की ठरल्या वेळी आला नाहीत तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. मधले तीन महिने देशात राहायची सोय नाही. म्हणजे गाशा गुंडाळायचा आणि घरी जायचं. शिक्षण वगैरे जे काय होतं ते तिथेच संपलं.

धाकटीने दाराला खांदा लावला, गोळा फिरवला, एक लाथही घातली. दार कसलं दाद देतंय! तेवढ्यात जिन्यातला दिवा गेला. हाही इथला एक शहाणपणा. बटण दाबलं की दिवा दोन मिनिटं लागतो आणि आपणहून विझतो. जिन्याला खिडकी नसल्यामुळे भर सकाळी काळोख. चाचपडत तिने बटण दाबलं आणि पहिल्या पायरीवर फतकल मारली.

सांगायला हवं की धाकटी या शहरात येऊन दहा आठवडे झाले होते आणि दहाही आठवडे ती आतून कोंडल्यासारखी जगत होती. खोली होती पलंगाएवढी. खिडकी उघडली की हातभर अंतरावर समोरच्या इमारतीची भिंत. वर्ग इंग्रजीत असायचे, पण वर्गाबाहेर सगळे तिकडच्या भाषेत बोलत, आणि दुकानात काय मागायचं ते ती आधी चार वेळा मनात घोकायची. तरी दुकानदाराने उलट काही विचारलं की तिची दातखीळ बसायची. शेजारच्या दाराचा आवाज आला की ती आपलं दार उघडायचं थांबायची, कोणी भेटेल म्हणून. आई रोज फोनवर विचारायची, "झाल्या का मैत्रिणी?" आणि ही रोज म्हणायची, "होतायत."

जायचं ठरलं तेव्हा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ही घरकोंबडी? कोपऱ्यावरच्या दुकानात जायला हिला सोबत लागते. तीन महिन्यांत परत नाही आली तर नाव बदलेन." धाकटीने तेव्हा आकाशपाताळ एक केलं, दोन दिवस जेवली नाही. शेवटी बाबा म्हणाले, "जा. पण अर्धवट टाकून मात्र येऊ नकोस." बाबा जास्त बोलत नाहीत. त्यामुळे ते एकच वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं होतं. तिला घरी जायचं होतं, मनापासून जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं.

दिवा गेला. तिने उठून बटण दाबलं.

बंद दाराआड फोन वाजू लागला. साडेनऊ. निघण्याआधी नीट जा म्हणून सांगायला आई फोन करणार होती. फोन वाजून थांबला, परत वाजला. दारापलीकडे चार पावलांवर आई होती आणि धाकटी जिन्यात काळोखात बसली होती. तिला रडू फुटलं. टॉवेलच्या टोकाने नाक पुसता पुसता तिच्या मनात तो विचार आला.

आपण काहीच केलं नाही तर?

दार आपोआप लागलं. बूट कोणीतरी नेले. यात आपला काय दोष? अकरा वाजू द्यायचे. दुपारी खोलीची मालकीण भाडेकरूंची विचारपूस करायला येते, तिच्याकडे किल्ली असते. मग फोन लावायचा आणि सांगायचं, बाबा, असं असं झालं. बाबा काय बोलणार? अर्धवट टाकून आले नाही, दारानेच टाकलं मला. पुढच्या रविवारी आपण आपल्या घरात, आपल्या उशीवर. आत्या टोमणे मारेल आणि पोटभर खाऊही घालेल. धाकटीचा जीव एकदम हलका झाला. इतका हलका की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण ती उठली नाही. दिवा तीन वेळा गेला, तीन वेळा तिने तो लावला, चौथ्यांदा लावलाही नाही.

तिला उठवलं ते बाबांच्या शब्दाने नाही आणि ज्ञानाच्या ओढीनेही नाही. तिला लघवीला लागली. गार फरशीवर अनवाणी बसल्यावर दुसरं काय होणार? पाच-दहा मिनिटं तिने कळ काढली, मग नाइलाज झाला आणि ती तळमजल्यावर उतरली. तिथे इमारतीचा केअरटेकर राहायचा. दहा आठवड्यांत ती त्याला एकदाही सामोरी गेली नव्हती. तिने घंटी दाबली.

म्हातारा बाहेर आला. भुवया झाडूसारख्या. त्याने टॉवेल पाहिला, पायजमा पाहिला, उघडे पाय पाहिले.

"दार... बंद. किल्ली आत," धाकटी तिकडच्या भाषेत कशीबशी म्हणाली. "तिसरा मजला."

"ओळखपत्र?"

"आत."

"नाव?"

तिने सांगितलं. त्याने वहीत बोट फिरवलं आणि मान हलवली. वहीत मालकिणीचं नाव होतं, घंटीवर आधी राहून गेलेल्या मुलाचं. धाकटी या इमारतीत राहते याची कुठेच नोंद नव्हती.

"ओळखपत्राशिवाय मी दार उघडत नाही. कोणीही येईल आणि म्हणेल माझी खोली. दुपारी मालकीण आली की ये. मागे नळ आणि शौचालय आहे, हवं तर जा."

ती गेली, परत आली. झालं तर मग, ती मनात म्हणाली. आता तर नियमानेच अडवलं. आभार मानायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर त्याच्या टेबलाखाली गेली. जुन्या वर्तमानपत्रावर तिचे तपकिरी बूट ठेवलेले होते.

म्हाताऱ्याने तिची नजर पकडली. भुवया वर गेल्या. "हे तुझे? तूच का ती? तीन चिठ्ठ्या लिहिल्या मी! जिन्यात वस्तू ठेवू नका, आग लागली तर लोक अडखळतील. रोज बूट बाहेर! त्या खोलीत कोण राहतं ते मला ठाऊक नाही, पण तिथले बूट मी पुरते ओळखतो." मग त्याने सावकाश विचारलं, "बोल. तुझेच ना?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो शब्द तिला त्या भाषेत चांगला येत होता. धाकटीने बुटांकडे पाहिलं. डावीकडच्याची नाडी तुटली होती, तिला तिने घरून आणलेल्या सुतळीची गाठ मारली होती. निघायच्या दिवशी बाबांनी खाली वाकून ते बूट आपल्या धोतराच्या जुन्या फडक्याने पुसले होते.

"माझेच," ती म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून भडाभडा निघालं, व्याकरणाची ऐशीतैशी करत. "अकरा वाजता कचेरी! परवाना! आज नाही गेले तर घरी! दार उघडा ना हो!"

शेवटचं वाक्य चक्क मराठीत होतं. म्हाताऱ्याला ते कळलं असावं. त्याने बूट तिच्यापुढे सरकवले, ती ते घालताना बारकाईने पाहिलं आणि खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढला.

खोली उघडल्यावर मात्र तो उंबऱ्यातच थबकला. टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली त्याच्या तिन्ही चिठ्ठ्या घडी करून सारलेल्या होत्या. दारात टाकलेल्या जाहिराती समजून धाकटीने त्यांची पाचर केली होती. ती कानापर्यंत लाल झाली.

"टेबल मी नीट करतो," म्हातारा म्हणाला. "बूट तू आत ठेव. आता पळ."

ती पळाली. ओल्या केसांवर टोपी चढवून, आईला "निघाले" एवढंच कळवून, दोन गाड्या बदलून ती अकराला चार मिनिटं कमी असताना पोचली. खिडकीतल्या बाईने फाईल चाळली, बोटांचे ठसे घेतले आणि दोन वर्षांचा परवाना पुढे सरकवला. फोटोतली मुलगी घाबरलेली दिसत होती.

दुपारी दोनला ती परतली. टेबल ठाम उभं होतं, पायाखाली लाकडाची चकती ठोकलेली. तिने सवयीने बूट दाराबाहेर काढले, थांबली, उचलले आणि आत आणून पलंगाशेजारी ठेवले. दार खट्‌ करून लागलं. आता दोन वर्षं परत जायला कुठलंही निमित्त उरलं नव्हतं. ज्या खोलीच्या बाहेर ती सकाळी अडकली होती, त्याच खोलीत ती आता अडकली होती, तेही स्वतःच्या तोंडाने "माझेच" म्हणून.

फोन वाजला. पडद्यावर आई, मागून डोकावणारी आत्या, आणि कडेला बाबांचा अर्धा खांदा. तिने परवाना पुढे धरला. आत्या म्हणाली, "आता मला नाव बदलावं लागणार!" सगळे हसले. बाबांचा खांदा सरकत सरकत पडद्याच्या मधोमध आला.

"बाहेरून आलीस ना आत्ता?" आईने नेहमीचं विचारलं. "बूट बाहेरच काढलेस ना गं? घरात नको आणूस हो ते."

धाकटीने पाय पलंगावर वर घेतले.

"हो आई," ती म्हणाली. "बाहेरच आहेत."