इस्त्री केलेला नमुना

कारखान्यात कीटकनाशकाचं पिंप फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा कामगार दवाखान्यात माझ्यासमोर रांगेत बसले होते. रक्त काढायचं काम माझं. ते विष अंगात भिनलं असेल तर रक्तात कळतं, आणि वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी माणूस सावरतो. उशीर झाला तर श्वासच अडकतो.

सहावा नंबर पहिलवानाचा. हे नाव कारखान्यानेच ठेवलेलं. पिंप सावरायला हाच पुढे धावला होता. लगेच तिथेच आंघोळ करून घरी गेला, तरी सगळ्यांना काळजी याचीच होती. त्याला काळजी सुईची. मिशीला पीळ होता, पण बाही वर करताना पाचावर धारण बसली. त्याने छताकडे बघत बायकोचा हात असा आवळला, की घाम तिलाच फुटला.

"दादा, त्यांना सोडा," मी म्हटलं, "रक्त तुमचं काढायचंय."

रांग हसली. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. ही सकाळपासून माझ्या काळजीने रडतेय, असं पहिलवानाने जरा ऐटीतच सांगितलं. नशीबवान आहात, म्हणून मीही त्याला चिडवून घेतलं.

काल अंगावर असलेले कपडे तपासणीसाठी आणा, असा सगळ्यांना निरोप होता. बाकीच्यांनी वास मारणारी गाठोडी आणली होती. वहिनींनी पिशवीतून शर्ट-पँट काढली. धुतलेली, कडक इस्त्रीची, घडीवर घडी. परक्यांपुढे मळके कपडे कसे आणायचे, म्हणून सकाळी उठल्या उठल्या त्यांनी ते धुतले होते. वास जाईना, म्हणून दोनदा. मी कपाळावर हात मारला. आता प्रयोगशाळेला फक्त साबण सापडणार होता.

मग माझं हसू जागीच थांबलं.

"हातानेच घासलेत?"

त्यांनी मान डोलावली. मी त्यांची हनुवटी वर केली. खोलीत उजेड बेताचाच होता, तरी डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. बाई रडत नव्हतीच, ते पाणी विषाचं होतं. इतकी वर्षं हे काम करून मी मात्र त्या पाण्याची थट्टा करत बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी डॉक्टरांना हाक मारली आणि यादीत बारावं नाव लिहिलं. पहिलवान गोंधळला. ही तर कारखान्याच्या दारातही आली नव्हती, म्हणाला.

"कारखाना तुम्ही घरी नेलात, दादा. पिशवीत घालून."

त्याने दुसरी बाही वर केली. "माझं अजून काढा, ताई. तिला द्या."

रक्ताचा उपयोग नव्हता. इंजेक्शनं सुरू झाली. तो दाराशी नुसता घुटमळत होता, म्हणून मी त्याला हातमोजे दिले आणि धुताना वहिनींच्या अंगावर असलेले कपडे तपासणीसाठी घरून आणायला पाठवलं.

चारच्या सुमाराला तो आला. पिशवीत पिशवी, गाठीवर गाठ, हात लांब धरलेला.

"धुतले नाहीत हं, ताई. पाणीसुद्धा लावलं नाही."

दुपारभर वहिनी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता पलंगावरून आवाज आला, बारीक, पण चांगलाच रागावलेला.

"तसेच आणलेत?"

पहिलवान मिशीसकट रडायला लागला. "हो," म्हणाला, "तसेच."