भिंतीतली चूल

चैत्र लागला की सोलापुरात माणसं डोक्यावर ओला पंचा टाकून हिंडतात. अशा गावात आबासाहेब बॅरिस्टरांनी जेवणघरात शेकोटी बांधायला काढली! तीही भिंतीच्या पोटात, घडीव काळ्या दगडाची, आणि बाकीच्या भिंतींना माणूसभर उंचीपर्यंत सागवानी फळ्यांचं अस्तर. ही बातमी सात रस्ता चौकातून निघाली ती मंगळवार पेठेत पोचेपर्यंत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. साहेबांना हिवताप भरलाय का, असं कोर्टातले कारकून एकमेकांना विचारू लागले.

आबासाहेबांना ताप नव्हता, आठवण होती. विलायतेत शिकताना तीन हिवाळे त्यांनी घरमालकिणीच्या जेवणघरात अशाच आगीपुढे काढले होते. परक्या देशात तेवढी एकच जागा त्यांना आपली वाटली. तसली खोली आपल्या बायकोला दाखवायचीच, असा त्यांनी चंग बांधला होता. आता यात हसण्यासारखं काय आहे? बायकोला काही दाखवावंसं वाटणारे नवरे त्या काळी गावात मोजकेच होते.

खोलीचा नकाशा काढायचं काम मिळालं वेणीमाधवला. वय तेवीस, हात सुरेख, आणि डोक्यात एकच वेड, की आपण घरं आखायची. त्याचे वडील रामहरीपंत केम स्टेशनवर मालगोदामात कारकून होते. मुलाच्या वेडाला त्यांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली होती. तोवर एखादं काम मनासारखं उभं राहिलं तर ठीक, नाहीतर केमला यायचं आणि पोती मोजायची. तिथली जागाही त्यांनी साहेबाला सांगून धरून ठेवली होती.

वेणीमाधवनं जन्मात फायरप्लेस पाहिली नव्हती. त्याच्याजवळ विलायती मासिकातलं एक चित्र होतं आणि आबासाहेबांच्या आठवणी होत्या. पण पठ्ठ्यानं खोली अशी आखली की पाहत राहावं. पंचाक्षरी सुतारानं फळ्या इतक्या बेमालूम बसवल्या की सांधा हाताला लागेना. धोंडीराम गवंड्यानं शेकोटीच्या कमानीचा एकेक दगड आरशासारखा घासला. धोंडीरामची बायको म्हाळसाबाई चुना कालवायला यायची. एक दिवस ती भिंतीतल्या त्या पोकळीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सायेब, हितनं धूर कसा जायाचा?"

"नकाशात आहे सगळं," वेणीमाधव मान वर न करता म्हणाला.

ती परत चुना कालवायला गेली. आता ही बाई कोण, हे त्यानं धोंडीरामला विचारलं असतं तर बरं झालं असतं. पेठेत कुणाच्या घरी नवी चूल घालायची झाली की बायका आधी म्हाळसाबाईला बोलवत. तिनं घातलेल्या चुलीपुढे सुनेचे डोळे कधी लाल होत नसत.

आपल्याकडे धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराला धूर जायला वर भोक ठेवतात, आणि ते जितकं मोठं तितकं बरं, असं सगळे धरून चालतात. वेणीमाधवनंही तेच धरलं. शेकोटीचं तोंड जेवढं रुंद, तेवढंच रुंद धुराडं त्यानं सरळ वर छपरापर्यंत नेलं होतं.

संक्रांत तोंडावर आली तेव्हा खोली पुरी झाली आणि तिथे मेजवानी ठरली. तिच्या आठ दिवस आधी आबासाहेबांनी हौसेनं बाभळीचे ओंडके रचून पेटवले. धूर वर गेला, वर काय आहे ते पाहून आला, आणि सगळाच्या सगळा जेवणघरात शिरला. आबासाहेब खोकत एका दारानं पळाले, रुक्मिणीबाई पदर तोंडाला लावून दुसऱ्या दारानं. नव्या फळ्यांवर काळी झाक चढली. पंचाक्षरी तर अंगणात बसून रडायचाच बाकी राहिला.

"रविवारी माणसं यायची आहेत," आबासाहेब डोळे पुसत म्हणाले. ते रागावले नव्हते. ते खट्टू झाले होते, आणि वेणीमाधवला तेच जास्त लागलं. "शुक्रवारपर्यंत जमलं तर बघ. नाहीतर बुजवून कपाट करू."

दोन दिवस वेणीमाधव पोकळीपुढे चित्र धरून बसला. चित्रातला धूर मुकाट वर जात होता. केमची पोती त्याला डोळ्यांपुढे दिसू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई उरलेला चुना न्यायला आली. तेव्हा त्यानं चित्र खाली ठेवलं.

"म्हाळसाबाई, चुकलं माझं. तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं. धूर कसा घालवायचा, ते सांगा."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हसली मात्र नाही. पदर खोचून ती वाकली, तिनं पोकळीत डोकं घातलं आणि आतूनच बोलू लागली.

"तोंड लई वासलंय हिचं. आन् घसाबी तेवढाच मोठा! घसा रुंद आसला की वरनं गार वारा उतरतोय आन् धुराला म्हागं ढकलतोय. कमान येक थर खाली घ्या. आत दोन दगूड तिरपे लावा आन् मांजर जाईल येवढीच वाट ठेवा. त्याच्या वर आडवी पायरी करा, उतरता वारा तिच्यावर आपटून म्हागारी जाईल."

"मग वर?"

"वर कितीबी रुंद ऱ्हाऊ द्या की."

तिनं कोळशानं फरशीवरच रेघा ओढल्या. वेणीमाधवनं कागद काढला आणि शाळेतल्या पोरासारखा एकेक माप विचारून उतरवून घेतलं. तिची मापं वितीत आणि बोटांत, त्याची इंचांत. दोघांचा मेळ घालता घालता दुपार झाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. धोंडीरामनं तीन दिवस खपून कमान उतरवून पुन्हा बसवली. पंचाक्षरीनं फळ्या घासून नवं पॉलिश चढवलं.

रविवारी सकाळी पाहुणे जमले. त्यात न्यायाधीश आणि कोर्टातली मंडळी होती, आणि एका गिरणीचे गोरे मॅनेजर व त्यांची मडम होती. दारातून छत्री टेकीत रामहरीपंतही आले. मुदत संपत आली, आता मुलाला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, असं ठरवूनच ते आले होते. शेकोटी पेटवायला वेणीमाधवनं म्हाळसाबाईलाच बोलावलं होतं.

म्हाळसाबाईनं कडब्याची चूड पेटवून आधी घशात वर धरली. "पयलं घसा शेकायचा," ती म्हणाली. मग ओंडक्यांना आग लावली. सगळे दाराकडे तोंड करून बसले होते, म्हणजे पळायला बरं. धूर क्षणभर घुटमळला, वळला, आणि सुर्रकन वर गेला! बाहेर रस्त्यावर बघ्यांनी आरोळी ठोकली. आबासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. आगीच्या उजेडात सागवान मधासारखं पिवळंधमक झालं होतं. "खरंच हो," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही सांगत होता तस्सं."

मग त्या आत गेल्या आणि करकंबहून आलेली हुरड्याची कणसं सुपात घेऊन आल्या. इतका छान विस्तव फुकट जाऊ देणं त्यांच्या जिवावर आलं होतं. निखाऱ्यांवर गोवऱ्या पडल्या, राखेत कणसं पडली, आणि तो वास सुटला. टेबलावर काटेचमचे मांडलेले तसेच राहिले. आधी न्यायाधीश खुर्चीवरून उतरून खाली बसले, मग कोर्टातली मंडळी. शेवटी मडमही फरशीवर बसून तळहातावर कणीस चोळायला शिकली. शेंगाची चटणी, गूळ, दही फिरू लागलं.

"हे सगळं आखलं कुणी?" मॅनेजरनं विचारलं. आबासाहेबांनी वेणीमाधवकडे बोट दाखवलं.

रामहरीपंत बघत होते. वेणीमाधवला गप्प बसणं अगदी सोपं होतं, आणि तो गप्प बसला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

"भिंती माझ्या," वेणीमाधव म्हणाला. "चूल या बाईंनी आखली. माझी धुरानं भरली होती."

राखेतून कणसं काढणाऱ्या म्हाळसाबाईकडे वळून रामहरीपंतांनी कोरड्या आवाजात विचारलं, "मग आमच्या चिरंजिवांना येतं तरी काय?"

"इचारता येतंय की त्यास्नी," ती म्हणाली. "तीस वर्सं गवंड्याच्या हाताखाली हाय मी. आजवर येकाबी सायेबानं इचारलं न्हाय."

रामहरीपंतांनी हातातला हुरडा चोळला, फुंकून तूस उडवलं आणि सगळा घास मुलाच्या तळहातावर ओतला. त्याच्या लहानपणानंतर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"गोदामातल्या जागेला साहेबाच्या मेहुण्याचा अर्ज आलाय," ते आगीकडे बघत म्हणाले. "उद्या सांगतो, त्याला द्या म्हणून."

संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच केमला गेले.